मागं झील नसलेला राजा

कीर्तनाचा नाद असलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी न सांगता कळलेली असते. पुढं उभा राहून गाणारा ओळ गातो ती अर्धीच. अर्धी ओळ तो हवेत सोडून देतो आणि मागं टाळ घेऊन उभी असलेली मंडळी ती अलगद झेलतात, पुरी करतात, त्याच्या हातात परत देतात. तेवढ्यात त्याचा श्वास होतो. याला झील धरणं म्हणतात. झील नसली तर साखरेसारखा गळासुद्धा कोरड्या आडात हाक मारल्यासारखा वाटतो.

बजाजनगरच्या विठ्ठल मंदिरात आवडाबाई तांगडे दर एकादशीला कीर्तनाला उभ्या राहायच्या. लहानपणी पैठणला एका बुवांच्या पायाशी बसून त्या शिकलेल्या. कंपन्यांच्या पाळ्या करून थकलेली, गावं सोडून आलेली माणसं त्यांच्यासमोर मांडी घालून बसली की उठायचं नाव घेत नसत. त्यांनी स्वतः बांधलेलं एक पद होतं. "बोल माझा अर्धा" एवढंच म्हणून त्या थांबायच्या, मान किंचित मागं वळवायच्या, आणि मागून सरूबाई खणखणीत आवाजात उचलायची, "अर्धा तुझा देवा!" मग सगळं मंदिर तेच म्हणायचं.

सरूबाई कंपनीतल्या एकट्या पोरांना जेवणाचे डबे करून द्यायची. आवाज रांगडा, जीभ तिखट. कीर्तन लांबलं की उभ्याउभ्या डुलकी घ्यायची, पण झिलीची जागा आली की झोपेतसुद्धा चुकायची नाही.

मागच्या मार्गशीर्षात आवडाबाई गेल्या. त्यांचे यजमान काकासाहेब मागं राहिले.

काकासाहेब म्हणजे शहरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. बायकोच्या कीर्तनाला ते जायचे, पण शेवटच्या खांबाला टेकून पेपर तपासत बसायचे. भक्ती तिची, विद्या आपली, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती आणि ती दोघांना गोड होती. आता वाटणीतला एकच हिस्सा उरला. घर इतकं गप्प झालं की काकासाहेब स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागले. "आता चहा टाकावा." "टाकावा की." "साखर संपली वाटतं." "मग बिनसाखरेचा." एक दिवस आपलंच बोलणं कानावर पडून ते दचकले. नाटकातल्या पात्रानं रंगमंचावर एकट्यानं बोलायचं त्याला स्वगत म्हणतात, हे त्यांनी उभा जन्म फळ्यावर लिहिलेलं. पण ते स्वयंपाकघरात ऐकू येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सरूबाई आता त्यांच्यासाठीही डबा घेऊन यायची, दार वाजवायची. काकासाहेब आतून म्हणायचे, "कडीला अडकवून जा, बाई." मग ती डबा अडकवून, थोडा वेळ उभी राहून निघून जायची.

अशात एके सकाळी अभय आला. मंदिराच्या मंडळाचं काम बघणारा, कंपनीत सुपरवायझर, सालस मुलगा. बसला, पाणी प्यायला, आणि नजर खाली घालून म्हणाला, "सर, मंडळात विषय निघाला होता. काकूंची गादी वर्षभर रिकामीच आहे. दुसरं कुणी उभं राहायला तयार नाही. म्हणून म्हणत होते की तिथं मोठा पडदा लावावा. दर एकादशीला एखाद्या चांगल्या महाराजांचं कीर्तन पडद्यावर दाखवू. लोकांची सोय होईल. पण गादी काकूंची, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय नको."

म्हटलं तर यात वावगं काहीच नव्हतं. काकासाहेब "लावा की" म्हणणारच होते. पण त्यांच्या मनात आलं, त्या रिकाम्या गादीकडं बघून अजून बायाबापड्या म्हणतात, "आवडाताई असत्या तर आज अमुक आख्यान लावलं असतं." साऱ्या जगात तिचं नाव निघायची ती एकच जागा उरली होती. घरात ते नाव घ्यायला दुसरं माणूसच नव्हतं. पडदा लागला की तेही बंद होणार.

"या एकादशीला मी उभा राहतो," काकासाहेब बोलून गेले.

अभयच्या हातातला पेला तसाच राहिला. "तुम्ही, सर? कीर्तनाला? म्हणजे... आख्यान कशाचं लावणार?"

"माझ्याकडं दोन राजे आहेत," काकासाहेब म्हणाले.

ते दोन राजे त्यांचे स्वतःचे होते. ग्रीकांच्या जुन्या शोकांतिकांतला नायक आणि त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी, युरोपात विद्येची नवी पालवी फुटली त्या काळातल्या शोकांतिकांतला नायक, यांत फरक काय, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं. खऱ्या नाटकांची नावं पोरं पाठ करत, पण गोष्ट काळजाला लागत नसे. म्हणून त्यांनी वर्गासाठी दोन राजे मनानंच घडवले होते, एक त्या तऱ्हेचा आणि एक या तऱ्हेचा.

ही बातमी कळताच सरूबाई डबा घेऊन आली आणि या खेपेला दार उघडेस्तोवर वाजवतच राहिली.

"सर, खरंच उभं राह्यणार?"

"हो."

"गळा हाये?"

"नाही."

"ताल?"

"फारसा नाही."

"मंग हाये तरी काय?"

"विषय आहे," काकासाहेब म्हणाले.

सरूबाईनं कपाळाला हात लावला. "इषय आमच्या मेसमधी पण लई हायेत, सर. भाजीला मीठ कमी, हा रोजचा इषय. त्याचं कीर्तन हुतं व्हय?" पण दारातून निघताना मात्र म्हणाली, "मी मागं हाये. घाबरू नका."

एकादशीला दिवेलागणीला मंदिर भरलं. सर कीर्तनाला उभे राहणार म्हटल्यावर काही भक्तीनं आले, काही गंमत बघायला. तबल्यावर सिल्लोडचे फकिराभाऊ बसले. मागं टाळ घेऊन सरूबाई आणि आणखी चार बायका. काकासाहेबांनी धोतर नेसलं होतं आणि सारखा हात निऱ्यांकडं जात होता. त्यांनी देवाला नमस्कार केला, "रामकृष्ण हरी" म्हणाले आणि पूर्वरंगाला लागले.

कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, उत्तररंगात त्याचीच गोष्ट. तत्त्व सांगायला काकासाहेबांना काय कमी! ते म्हणाले, "श्रोतेहो, आपल्या शास्त्रात एक प्रारब्ध आणि एक क्रियमाण. प्रारब्ध म्हणजे भोगायला घेऊन आलेलं. क्रियमाण म्हणजे आज, आत्ता, आपल्या हातानं करतोय ते. यवनांच्या जुन्या नाटकात जो राजा बुडतो तो प्रारब्धानं..."

"यवन म्हंजी निजाम का वं, सर?" मागून सरूबाई.

लोक हसले. "नाही हो, सरूबाई. ग्रीस नावाचा देश. समुद्राकाठचा."

"गिरीस. बरं. चालू द्या."

ते चालूच राहिले, आणि तिथंच घोटाळा झाला. प्राध्यापकाला वाक्य पुरं करायची खोड. एक वाक्य संपलं की दुसरं तयार, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. ग्रीक नायकाची चूक म्हणजे पाप नव्हे, नेम चुकणं. नव्या काळातला नायक मात्र जाणूनबुजून, मनाशी भांडून चुकतो. त्याला देवाची भविष्यवाणी लागत नाही, त्याचं मनच त्याला भरीस घालतं. सारं खरं, सारं नेटकं. पण मधे कुठं फट नव्हती. सरूबाई टाळ उचलायची, आता थांबतील, मग थांबतील, आणि टाळ तसाच खाली यायचा. फकिराभाऊंनी दोनदा तबल्यावर थाप मारून जागा सुचवली. काकासाहेबांनी ती थाप ओलांडून पुढचं वाक्य सुरू केलं. आवडाबाईंचं पदसुद्धा त्यांनी अख्खं एकट्यानंच म्हटलं, "बोल माझा अर्धा, अर्धा तुझा देवा," आणि पुढं निघून गेले. मागच्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या.

पोरंटोरं उठली. मग दोन बाप्ये फोन कानाला लावून उठले. मग फोनचं निमित्तही न करता माणसं उठायला लागली. काकासाहेबांना ते दिसत होतं. वर्गातही असंच दिसायचं.

मध्यंतर झालं. रीत अशी, की या वेळी गादीवरच्याला बुक्का लावायचा, हार घालायचा आणि लहानथोर सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. गादीवर उभा आहे तोवर तो माणूस नसतो, नारद असतो, बाप असला तरी लेकाच्या पाया पडतो. सरूबाईनं बुक्का लावला, पाया पडली आणि वाकल्यावाकल्याच हळू म्हणाली, "सर, तुमी आमाला तोंडच घालू देत नाय."

"म्हणजे?"

"म्हंजी समदं तुमीच बोलून टाकता. मंग आमी कशाला उभ्या हाव? थोडं उष्टं ठिवा की आमच्यासाठी."

उत्तररंगाला काकासाहेबांनी पहिला राजा काढला.

"एका राजाला देववाणी झाली, तुझ्या हातानं तुझं नगर बुडेल. राजा भला. प्रजेवर जीव. तो म्हणाला, नदी आहे म्हणून बुडायची भीती. नदीच अडवून टाकू. स्वतः पाटी वाहिली, दगड उचलले, थोरलं धरण बांधलं..."

धरण म्हटल्यावर मंदिरात चुळबुळ थांबली. इथल्या माणसाला धरण नव्यानं सांगावं लागत नाही. सरूबाईचं आजोळ पैठणच्या धरणात, नाथसागराच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणतात.

"बांधू नको म्हणा की त्याला!" पुढची एक म्हातारी कळवळून म्हणाली.

"त्याला सांगणारे होते, आजी. त्या नाटकात गावातली वडीलधारी मंडळी पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर उभीच असतात. ती राजाला टोकतात, देवाला विनवतात, गातात. राजाला ती वाचवू शकत नाहीत. पण सोडून जात नाहीत. धरण फुटलं. ज्या हातांनी बांधलं त्याच हातांनी राजा चिखलातून आपली माणसं उकरत बसला. आणि ती म्हातारी माणसं त्याच्याभोवती..."

काकासाहेबांना इथं दम लागला. खरोखरचा, छातीतला. ते थांबले.

आणि मागून सरूबाईनं उचललं. "अर्धा तुझा देवा!" चार बायकांनी उचललं, फकिराभाऊंचा तबला घुमला, उरलेली सगळी माणसं टाळ्या वाजवत म्हणायला लागली. काकासाहेब गादीवर नुसते उभे. त्यांच्या पाठीवर तो आवाज येऊन आदळत होता, पुरात दोराचा आधार मिळावा तसा. आवडा इतकी वर्षं या दोरावर उभी होती, त्यांच्या मनात आलं. मी खांबाला टेकून पेपर तपासत होतो.

डोळे पुसून त्यांनी दुसरा राजा काढला.

"हा राजा विलायतेकडचा. याला देववाणी वगैरे काही नाही. शूर, हुशार, बोलायला तर असा की ऐकत राहावं. पण याच्या मनात किडा शिरला, की जवळचं माणूसच आपल्याला दगा देणार. मग यानं एकेक दार लावायला सुरुवात केली. आधी भावाला बाहेर काढलं, दार लावलं. मग जुन्या मित्राला. मग राणीला. गावची वडील माणसं? या नाटकात ती नाहीतच. ती केव्हाच रंगमंचावरून उतरून गेली. आम्ही वर्गात सांगायचो, हा माणूस मोठा, कारण हा स्वतःच्या पायावर उभा आहे. याच्या सुखदुःखाचा धनी हाच. शेवटी सगळी दारं लावून हा आत बसतो. आणि एकटाच बोलतो. कुणाशी? तर स्वतःशी. तो म्हणतो..."

राजाचं स्वगत त्यांनी वर्गात शेकडो वेळा म्हटलं होतं. तोंडपाठ. पण आता तोंड उघडलं आणि ओठांवर आलं ते दुसरंच काही. चहा, साखर, बिनसाखरेचा. त्यांनी तोंड मिटलं.

बायकांना वाटलं, जागा सोडली. सरूबाईनं टाळ उचलला. "अर्धा तुझा..."

"नाही!" काकासाहेबांनी हात वर केला. "इथं धरायची नाही. याला कुणी नाही. याच्या मागं झील नाही. तेच तर याचं दुःख आहे."

टाळ थांबले. तबला थांबला. मंदिर चिडीचूप. काकासाहेबांना पुढं बोलायचं होतं. राजा मरतो, एवढं एकच वाक्य उरलं होतं. ते येईना. फकिराभाऊंनी मान वर करून बघितलं. खांबाजवळ उभा असलेला अभय एक पाऊल पुढं आला आणि थांबला.

मग रीत सोडून एक गोष्ट घडली. झील धरणाऱ्यानं गादीच्या पुढं यायचं नसतं. सरूबाई टाळ कमरेला खोचून पुढं आली.

"थांबा, मी सांगते," ती लोकांकडं बघून म्हणाली. "राजा आत बसला. अन् मंग दार वाजलं."

"सरूबाई, दार वाजत नाही. या गोष्टीत..."

"वाजलं म्हणते ना! एक बाई आली व्हती. दासी म्हणा, कोण म्हणा. राजा उपाशी हाये म्हणून काही घिऊन आली व्हती. तिनं वाजवलं."

काकासाहेबांनी मान हलवली. "तो उघडत नाही, सरूबाई. नाटकात तो उघडत नाही."

"नका उघडू दिऊ!" सरूबाई उसळली. "मरायचंय तर मरू द्या त्याला, तुमच्या बुकात तसंच आसंल तर. पण वाजवाया कुणी गेलंच नाय, आसं कसं म्हणता तुमी? कुणीतरी गेलं आसंल की! दाराबाहीर किती येळ हुबी ऱ्हायली आसंल बिचारी. त्येबी सांगा की लोकाला!"

पुढची म्हातारी पदराआड मुसमुसायला लागली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

काकासाहेब सरूबाईकडं बघत राहिले. त्यांना एकदम ती जुनी माहिती आठवली, जी ते वर्गात पहिल्याच तासाला घाईघाईनं सांगून टाकत. ग्रीकांकडं आधी नायक नव्हताच. नुसता गाणाऱ्यांचा मेळा होता. देवासमोर सगळे मिळून गायचे. मग एक दिवस त्यातलं कुणीतरी दोन पावलं पुढं आलं आणि बोलायला लागलं. तिथून नाटक सुरू झालं. त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं, पण ते दोन पावलं पुढं येणारं माणूस त्यांना कधी दिसलं नव्हतं. ते असं टाळ कमरेला खोचून आलं असेल.

त्यांनी गळ्यातला हार काढला आणि गादीवरून खाली उतरले.

"या," ते म्हणाले.

"कुटं?"

"गादीवर. गोष्ट तुम्ही पुढं नेलीत, पुरीही तुम्हीच करा."

"या बया! मी न्हाय. सर, गंमत करू नका. मला पूर्वरंग का काय ते येत नाय. मला मागनंच येतं."

"मागून येणाऱ्यालाच सगळं कीर्तन पाठ असतं."

"मावशी, चढा," अभय म्हणाला. फकिराभाऊंनी तर बोलणंच सोडून सरळ ठेका धरला. सरूबाई लुगडं सावरत, शिव्या पुटपुटत गादीवर चढली. काकासाहेबांनी तिच्या गळ्यात हार घातला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

ती ओरडली, "आवो सर! माझ्या पाया पडता व्हय?"

"गादीच्या पडतोय," काकासाहेब म्हणाले. "तुम्ही मधे येऊ नका."

हशा पिकला. त्या हशावरच सरूबाई स्वार झाली. तिनं राजाला मारलं, नाही असं नाही. प्राध्यापकांच्या शब्दाबाहेर ती गेली नाही. पण दाराबाहेरच्या बाईचं तिनं असं काही लावलं, ती भाकरी कशी गार झाली, ती उंबऱ्यावर कशी बसून राहिली, आतलं पाऊल ऐकून कशी उठली आणि पाऊल कसं परत फिरलं, की रात्रपाळीला निघालेली माणसं चपला हातात धरून दारातच खोळंबली. मधेच ती म्हणाली, "आवडाताई आसत्या तर ह्ये निराळं सांगितलं आसतं. मला आपलं आसं येतं." आणि पाचसहा माणसांनी माना डोलावल्या. काकासाहेबांनी प्रत्येक मान बघितली.

ते मागं उभे होते, बायकांच्या रांगेत शेवटी, टाळ उलटा धरून. कुणीतरी सुलटा करून दिला. सरूबाईनं ओळ सोडली, मान मागं वळवली. सगळ्यांनी उचलली. काकासाहेब चुकले. सगळे म्हणून मोकळे झाल्यावर त्यांचा एकट्याचा आवाज आला, फाटका आणि बेसूर, "...तुझा देवा." फकिराभाऊंनी डोळे मिटून घेतले.

आरती झाली. अभय जवळ आला. "सर, पडद्याचं मंडळाला काय सांगू?"

"मला काय विचारता? गादीवाल्यांना विचारा."

गादीवाली प्रसादाची भगर वाढत होती. "पडदा?" ती तिथूनच म्हणाली. "त्यो मागनं झील धरंल का?"

अभय हसला. "नाही, मावशी."

"मंग ऱ्हाऊ दे."

काकासाहेब हळूहळू घराकडं निघाले. कंपनीची बस माणसं भरून गेली आणि रस्ता रिकामा झाला. घर आलं. दिवा लावला. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं तर आवाजच निघेना, घसा पार बसला होता. ते खाटेवर टेकले. आत कुणी बोलत नव्हतं, आणि आज ते स्वतःही बोलत नव्हते. आवडा नाही, हे वर्षभरात पहिल्यांदा त्यांना स्वच्छ ऐकू आलं.